इसहाकाचा प्रश्न : चर्चचे वर्ष, रविवारचे प्रवचन आणि मुलांचा धडा



साहित्याच्या अभ्यासक्रमात कविता, कथा, कादंबरी, नाटक आणि निबंध येतात. प्रवचन सहसा येत नाही. वास्तविक आपल्या देशात कादंबरी न वाचलेली माणसे पुष्कळ भेटतील. पण एकही प्रवचन, कीर्तन, कथा किंवा खुतबा कानावर न पडलेला माणूस शोधूनही सापडणे कठीण. इतक्या लोकांपर्यंत पोहोचणाऱ्या या प्रकाराची पारख करण्याची सवय मात्र आपल्याला नसते. ‘छान बोलले’ किंवा ‘फार लांबले’ यापलीकडे आपण जात नाही.

या टिपणात आपण ख्रिस्ती प्रवचन आणि त्याच्या जोडीने दिला जाणारा मुलांचा धडा यांची पारख करणार आहोत. त्यासाठी तुम्ही ख्रिस्ती असण्याची किंवा श्रद्धाळू असण्याची गरज नाही. बायबलमधला एक उतारा घेऊ, तो चर्चच्या वर्षात कुठे येतो ते पाहू आणि मोठ्यांसाठी व मुलांसाठी त्याचे काय केले जाते ते तपासू.

माझ्याबद्दल एवढेच, की मी अभियांत्रिकी महाविद्यालयात यंत्ररचना शिकवतो आणि गेली काही वर्षे आमच्या मंडळीत रविवारी मुलांचा वर्ग घेतो. पुढे जी टीका आहे तिच्यातली बरीचशी मी स्वतःच्या चुकीतून शिकलो. ती चूकही सांगणार आहे.

१. मजकूर कोण निवडतो?

ख्रिस्ती उपासनेचे वर्ष १ जानेवारीला सुरू होत नाही. नाताळच्या आधीच्या चार रविवारांपासून, म्हणजे आगमनकाळापासून ते सुरू होते. मग २५ डिसेंबरचा नाताळ, ६ जानेवारीचा प्रकटीकरणाचा सण, त्यानंतर राखेच्या बुधवारपासून उपवासकाळ. हा काळ ४० दिवसांचा, पण त्यात रविवार मोजत नाहीत. पुढे झावळ्यांचा रविवार, उत्तम शुक्रवार आणि पुनरुत्थानाचा रविवार, म्हणजे ईस्टर. ईस्टर चंद्रावर अवलंबून असल्याने तो पाश्चात्त्य परंपरेत २२ मार्च ते २५ एप्रिल यांच्या दरम्यान कधीही येतो. ईस्टर धरून मोजलेला पन्नासावा दिवस पेंटेकॉस्टचा. त्यानंतर पुढच्या आगमनकाळापर्यंत मोठे सण नसलेला दीर्घ सामान्य काळ.

या वर्षातल्या प्रत्येक रविवारी बायबलमधले कोणते उतारे वाचायचे हे अनेक चर्चमध्ये आधीच ठरलेले असते. त्या यादीला आपण वाचनक्रम म्हणू. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर १९६९ मध्ये कॅथलिक चर्चने रविवारांसाठी तीन वर्षांचा वाचनक्रम आणला. ‘अ’ वर्षात मुख्यतः मत्तयचे शुभवर्तमान, ‘ब’ वर्षात मार्कचे, ‘क’ वर्षात लूकचे. योहानाचे उतारे विशेषतः ईस्टरच्या काळात. त्याच धर्तीवर अनेक प्रोटेस्टंट चर्चनी मिळून केलेला सामायिक वाचनक्रम १९९२ मध्ये प्रसिद्ध झाला. तीन वर्षे झाली की पहिला रविवार पुन्हा येतो.

आम्हा शिक्षकांना सत्राच्या सुरुवातीला अध्यापनाचा आराखडा भरून द्यावा लागतो. कोणत्या आठवड्यात कोणता घटक, ते आधीच ठरते. त्याबद्दल आम्ही कुरकुर करतो. पण त्याचा फायदाही माहीत आहे. आराखडा नसता तर मी दर वर्षी मला आवडणारे घटक लांबवले असते आणि नावडते शेवटच्या आठवड्यात उरकले असते. वाचनक्रम प्रवचनकाराचे हेच करतो. त्याला आवडो वा न आवडो, त्या रविवारी तो उतारा समोर येतोच. ज्याच्याविषयी काय बोलावे ते सुचत नाही, नेमके त्याच्याविषयी बोलावे लागते.

एक उदाहरण पाहा. इंग्लंडचे बिशप लॅन्सलॉट अँड्र्यूज यांनी १६०५ ते १६२४ या काळात राजा पहिला जेम्स याच्या दरबारात नाताळची सतरा प्रवचने केली. दिवस तोच, श्रोते बहुतांशी तेच, घटनाही तीच. नवे सांगण्यासारखे फारसे उरत नाही, तेव्हा माणूस शब्दांकडे बारकाईने पाहू लागतो. लॅटिनमध्ये तान्ह्या मुलाला जो शब्द आहे त्याचा मूळ अर्थ ‘ज्याला बोलता येत नाही तो’. ख्रिस्ताला योहानाच्या शुभवर्तमानात ‘शब्द’ म्हटले आहे. मग नाताळ म्हणजे बोलता न येणारा शब्द, ही विसंगती अँड्र्यूज यांनी हेरली आणि तिच्यावर प्रवचन उभे केले. पुढे टी. एस. एलियट यांनी १९२६ मध्ये त्यांच्यावर निबंध लिहून या गद्याकडे आधुनिक वाचकांचे लक्ष वळवले. बंधनामुळे प्रवचन मजकुराच्या किती जवळ जाऊ शकते, हे तिथे दिसते.

पण वाचनक्रमाची दुसरी बाजू आहे. उतारा निवडणारा माणूस त्याची कापाकापीही करतो. ही कात्री कुठे चालते ते आता पाहू.

२. उतारा

बायबलच्या पहिल्या पुस्तकात, म्हणजे ‘उत्पत्ती’त, बाविसाव्या अध्यायात एक गोष्ट आहे. देव अब्राहामाची परीक्षा पाहतो. तुझा लाडका मुलगा इसहाक याला मोरिया देशात नेऊन एका डोंगरावर होमात अर्पण कर, अशी आज्ञा होते. अब्राहाम पहाटे उठतो, गाढवावर खोगीर घालतो, लाकडे फोडतो आणि दोन चाकर व मुलगा यांना घेऊन निघतो. तिसऱ्या दिवशी जागा दिसते. चाकरांना गाढवापाशी थांबवून बापलेक पुढे जातात. लाकडे मुलाच्या अंगावर, विस्तव आणि सुरा बापाच्या हातात. वाटेत मुलगा बापाला हाक मारतो आणि विचारतो, की विस्तव आणि लाकडे तर दिसतात, पण अर्पण करायचे कोकरू दिसत नाही, ते कसे? बाप म्हणतो, ते देव पाहून घेईल. दोघे चालत राहतात. वर पोहोचल्यावर वेदी रचली जाते, मुलाला बांधले जाते, सुरा उचलला जातो आणि देवदूत हाक मारून थांबवतो. झुडपात शिंगे अडकलेला एक एडका दिसतो. त्याचे अर्पण होते.

ही गोष्ट भारतीय विद्यार्थ्याला अनोळखी नाही. बकरी ईदच्या मुळाशी हीच कथा आहे. कुराणाच्या ३७ व्या सूरेत ती येते; तिथे मुलाचे नाव दिलेले नाही, आणि बाप आपले स्वप्न मुलाला सांगून त्याचे मत विचारतो. यहुदी लोक ‘उत्पत्ती’चा हा अध्याय नववर्षाच्या दुसऱ्या दिवशी सभास्थानात वाचतात.

मूळ मजकूर वाचताना तीन गोष्टींकडे लक्ष द्या. पहिली, हिब्रू कथेत अब्राहाम ‘हा मी’ अशा अर्थाचे एकच उत्तर तीनदा देतो: एकदा देवाला, एकदा मुलाला, एकदा देवदूताला. देवाच्या हाकेला जी ओ दिली तीच मुलाच्या हाकेला दिली आहे. दुसरी, इसहाक या अध्यायात फक्त एकदाच बोलतो, आणि जे बोलतो तो प्रश्न आहे. त्यानंतर संपूर्ण ‘उत्पत्ती’त तो बापाशी पुन्हा बोललेला दाखवलेला नाही. तिसरी, एकोणिसाव्या वचनात अब्राहाम चाकरांकडे परत येतो. इसहाक परत आल्याचा उल्लेख नाही. त्याची आई सारा अध्यायात कुठेच नाही. पुढचा अध्याय तिच्या मृत्यूने सुरू होतो. जुन्या यहुदी भाष्यकारांनी या दोन अध्यायांचा संबंध जोडला तो उगाच नाही.

३. कात्री

आता वाचनक्रम उघडू. कॅथलिक वाचनक्रमात हा उतारा ‘ब’ वर्षी, उपवासकाळाच्या दुसऱ्या रविवारी येतो. वाचायची वचने अशी: १ व २, नवव्याचा पूर्वार्ध, १० ते १३, आणि १५ ते १८.

यात काय गेले ते मोजा. ३ ते ८ ही वचने गेली, म्हणजे तीन दिवसांचा प्रवास गेला. मुलाच्या अंगावरची लाकडे गेली. मुलाचा प्रश्न गेला आणि बापाचे उत्तरही गेले. नवव्या वचनाचा उत्तरार्ध गेला, म्हणजे मुलाला बांधले तो क्षण गेला. यहुदी परंपरेत या कथेला ‘बंधन’ याच अर्थाचे नाव आहे. तीनदा आलेल्या ‘हा मी’पैकी देवाला आणि देवदूताला दिलेली उत्तरे राहिली, मधले गळले. रविवारी चर्चमध्ये बसलेल्या श्रोत्याला हा मुलगा बोलतो हेच कळत नाही.

हे का केले असावे? त्या दिवशीची इतर वाचने पाहिली की अंदाज येतो. शुभवर्तमानात येशूच्या रूपांतराचा प्रसंग आहे आणि जोडीला रोमकरांस पत्राच्या आठव्या अध्यायातला भाग, ज्यात देवाने स्वतःच्या पुत्रालाही राखून ठेवले नाही असा विचार येतो. म्हणजे अब्राहामाची गोष्ट इथे त्या विचाराची पूर्वछाया म्हणून आणली आहे. तेवढ्यासाठी आज्ञा, सुरा, देवदूत आणि आशीर्वाद पुरतात. वेळही वाचतो.

पण हिशेब इथेही जमत नाही. लाकडे वाहणारा इसहाक म्हणजे क्रूस वाहणाऱ्या येशूची पूर्वछाया, ही ख्रिस्ती व्याख्येतली फार जुनी जोडणी आहे. कोकरू देव पाहून घेईल हे उत्तरही ख्रिस्ती वाचकांनी शतकानुशतके त्याच दिशेने वाचले. कात्री लावली ती नेमकी तिथेच. म्हणजे संपादकांनी गोष्ट तर तोडलीच, आणि ज्या अर्थासाठी तोडली त्याचेही नुकसान केले. पूर्ण उतारा कॅथलिक परंपरेत ईस्टरच्या आदल्या रात्रीच्या जागरणविधीत ठेवला आहे. मात्र तिथेही संक्षिप्त पर्याय दिला आहे, आणि तो हाच तुटका आहे.

प्रोटेस्टंट चर्चचा सामायिक वाचनक्रम या बाबतीत उजवा. पेंटेकॉस्टनंतरच्या सामान्य काळासाठी त्यात जुन्या कराराच्या दोन समांतर माला दिल्या आहेत. त्यांपैकी सलग वाचनाच्या मालेत, ‘अ’ वर्षी, २६ जून ते २ जुलै यांमधल्या रविवारी १ ते १४ ही वचने अखंड येतात. त्याच्या आदल्या रविवारी हागार आणि तिचा मुलगा इश्माएल यांना वाळवंटात घालवून दिल्याची गोष्ट असते. एकाच बापाची दोन मुले लागोपाठच्या दोन रविवारी मरणाच्या दारातून परत येतात. इथे प्रवचनकाराला पळायला जागा ठेवलेली नाही. तरी एक नोंद करा: हे वाचन १४ व्या वचनाला थांबते, कॅथलिक वाचन १८ व्याला. एकोणिसावे वचन, ज्यात बाप एकटा परतताना दिसतो, या रविवारांच्या वाट्याला येत नाही.

४. प्रवचनकाराची पळवाट

उतारा पूर्ण वाचला म्हणजे प्रवचन त्याला सामोरे जाईलच असे नाही. डेन्मार्कचे तत्त्वचिंतक सोरेन किर्केगार्ड यांनी १८४३ मध्ये टोपणनावाने एक पुस्तक प्रसिद्ध केले. मराठीत त्याचे नाव ‘भय आणि कंप’ असे सांगता येईल. सबंध पुस्तक या एका अध्यायाभोवती फिरते आणि त्यात रविवारच्या प्रवचनावर एक बोचरी टीका आहे. ती थोडक्यात अशी: प्रवचनकार अब्राहामाची थोरवी सांगताना ‘इसहाक’ या शब्दाच्या जागी हळूच ‘आपल्याजवळचे सर्वोत्तम’ असे शब्द घालतो. अब्राहामाने सर्वोत्तम ते देवाला दिले, आपणही द्यावे. श्रोते सुखाने ऐकतात. समजा एखाद्याने ते अक्षरशः घेतले आणि घरी जाऊन आपल्या मुलाबाबत तेच करायला निघाला, तर तोच प्रवचनकार धावत जाऊन त्याला खडसावेल. आणि काल आपण काय बोललो होतो हे त्याच्या ध्यानातही येणार नाही.

ही टीका समीक्षेचा धडा म्हणून लक्षात ठेवा. प्रवचनातली सर्वांत सोपी पळवाट म्हणजे नावाच्या जागी भाववाचक नाम बसवणे. मुलगा गेला, ‘सर्वोत्तम’ आले. सुरा गेला, ‘त्याग’ आला. डोंगर गेला, ‘जीवनातील कसोटीचे क्षण’ आले. वाक्ये गुळगुळीत होतात आणि कोणाच्याही आयुष्याला लागू पडतात, म्हणून आवडतातही. पण आता हे प्रवचन ऐकण्यासाठी त्या उताऱ्याची गरज उरलेली नसते.

५. मुलांचा धडा

रविवारची मुलांची शाळा ही कल्पना १७८० मध्ये इंग्लंडातल्या ग्लॉस्टर इथे रॉबर्ट रेक्स यांनी रुजवली असे मानतात. आठवडाभर काम करणाऱ्या गरीब मुलांना त्या दिवशी वाचायला शिकवणे हा हेतू होता. आज तिचे दोन प्रकार दिसतात. एक स्वतंत्र वर्ग. आमच्याकडे जुनी माणसे त्याला अजून शब्बाथशाळा म्हणतात. दुसरा, उपासनेच्या मध्येच मुलांना पुढे बोलावून दिलेला पाचेक मिनिटांचा संदेश. या दुसऱ्या प्रकारात बहुधा एखादी वस्तू दाखवतात, जसे टॉर्च, कुलूप किंवा मिठाची पुडी, आणि तिच्यावरून तात्पर्य काढतात.

यातली अडचण सांगणारा एक जुना विनोद ख्रिस्ती मंडळ्यांत फिरत असतो. शिक्षक विचारतात, ‘झाडावर राहते, झुपकेदार शेपटी असते, दाणे खाते, सांगा कोण?’ मुले गप्प. शेवटी एक मुलगा म्हणतो, ‘उत्तर येशू असणार हे माहीत आहे, पण मला ती खार वाटते.’ हसून सोडून देऊ नका. त्या मुलाला गोष्ट कळली आहे आणि वर्गाचा नियमही कळला आहे, आणि दोन्ही जुळत नाहीत हे त्याच्या लक्षात आले आहे. इथे प्रश्न मुलाकडून उत्तर काढून घेण्यापुरता विचारला जातो, हे त्याने ओळखले आहे.

मुलांच्या धड्यात किर्केगार्ड यांनी दाखवलेली पळवाट आणखी आखूड होते. मोठ्यांच्या प्रवचनात निदान वीस मिनिटे घेऊन मुलाचा ‘त्याग’ केला जातो. मुलांच्या धड्यात फळ्यावर आधीच तात्पर्य लिहिलेले असते.

६. माझा वर्ग

२ जुलै २०१७. आमच्या मंडळीत त्या दिवशी हाच उतारा होता. शाळा नुकत्याच सुरू झालेल्या, बाहेर पाऊस, वर्गात बारा-तेरा मुले. मी फळ्यावर लिहिले होते, ‘देवाची आज्ञा पाळावी.’ गोष्ट चार मिनिटांत सांगितली. प्रवास गाळला, प्रश्न गाळला. कॅथलिक वाचनक्रमाची कात्री मी तेव्हा पाहिली नव्हती, तरी माझ्या हाताने नेमकी तीच कापली. मग एडक्याचे चित्र रंगवायला दिले.

आठ-नऊ वर्षांच्या एका मुलीने विचारले, ‘सर, त्याची आई कुठे होती?’

तिला हा प्रश्न पडला याचे मला नवल वाटायला नको होते. महाराष्ट्रातल्या मुलांच्या कानांवर श्रावणात चिलया बाळाची गोष्ट पडत असते, मग ती कोणत्याही धर्माची असोत. श्रीधरांच्या ‘शिवलीलामृता’तही ती आहे. अतिथी होऊन आलेला शंकर श्रियाळ राजाकडे त्याच्या मुलाचेच मांस मागतो. तिथे आई चांगुणा पूर्ण वेळ समोर आहे. रांधते ती, उखळात कांडते ती, आणि शेवटी मुलाला हाक मारते तीही तीच. ज्या मुलीला चांगुणा माहीत आहे तिला साराची रिकामी जागा दिसणारच. तिने गोष्टीतली खरी फट दाखवली होती. मी म्हणालो, ‘घरी होती. रंग नीट भर, रेघेच्या बाहेर जाऊ देऊ नकोस.’

पुढच्या रविवारी तिचे वडील मला बाजूला घेऊन म्हणाले, ‘सर, हिने रात्री झोपताना विचारलं, पप्पा, तुम्हाला सांगितलं तर तुम्ही मला न्याल का? काय सांगायचं?’ माझ्याकडे उत्तर नव्हते. मी काहीतरी बोललो आणि घरी आलो.

वाचनक्रम विसरू देत नाही. तीन वर्षांनी, २८ जून २०२० ला तोच उतारा आला. तेव्हा चर्च बंद होते. मी मोबाइलवर सहा मिनिटांचा धडा रेकॉर्ड करून पालकांना पाठवला. पाठवल्यावर मला बरे वाटले, आणि का बरे वाटले हे कळल्यावर वाईट वाटले. या धड्यात कोणीही मध्ये प्रश्न विचारू शकणार नव्हते.

त्यानंतर मी दोन गोष्टी पाहिल्या. पहिली आपल्याच भाषेतली. गोव्यात १६१६ मध्ये छापलेले थॉमस स्टीफन्स यांचे ‘क्रिस्तपुराण’ सुमारे अकरा हजार ओव्यांचे आहे. जुनी पुराणे सोडलेल्या नवख्रिस्ती श्रोत्यांना काहीतरी ऐकायला, वाचायला हवे होते, त्यातून ते जन्मले. आणि तशी मागणी करणारा श्रोता ग्रंथाच्या आरंभीच भेटतो. एकोणिसाव्या शतकात अहमदनगर भागातल्या मराठी ख्रिस्ती लोकांनी आणि मुंबईच्या बेने इस्राएल यहुद्यांनी बायबलमधल्या कथांची कीर्तने केली. पुढे रेव्हरंड नारायण वामन टिळकांनीही कीर्तनाचा मार्ग धरला. कीर्तनाची रचना आठवा. पूर्वरंगात तत्त्वाचे निरूपण होते आणि उत्तररंगात आख्यान येते. म्हणजे घरी जाताना श्रोत्याच्या कानात गोष्ट असते. आम्ही मुलांच्या वर्गात हा क्रम उलटा करतो आणि मुलाच्या हाती तात्पर्य देऊन पाठवतो.

दुसरी गोष्ट पद्धतीची. मारिया माँटेसरी यांच्या विचारांवर सोफिया कावालेत्ती यांनी १९५४ पासून रोममध्ये मुलांच्या धर्मशिक्षणाचे काम केले. त्याच परंपरेतून अमेरिकेत जेरोम बेरीमन यांनी एक पद्धत बांधली. शिक्षक वाळूत लाकडी बाहुल्या सरकवत सावकाश गोष्ट सांगतो. तात्पर्य सांगत नाही. शेवटी चार प्रश्न मुलांपुढे ठेवतो: यातला कोणता भाग सर्वांत आवडला? कोणता सर्वांत महत्त्वाचा? कोणता तुझ्याविषयी आहे? आणि कोणता भाग काढून टाकला तरी गोष्ट पूर्ण राहील?

हा चौथा प्रश्न वाचून मी थबकलो. वाचनक्रम करणाऱ्यांना हाच प्रश्न पडला होता, आणि त्यांचे उत्तर होते: मुलाचा प्रश्न काढला तरी चालेल. माझेही उत्तर तेच होते.

२ जुलै २०२३ ला मी घमेल्यात वाळू भरून नेली. काड्यांची छोटी मोळी केली. प्रवास सावकाश सांगितला. मुलाचा प्रश्न आला तिथे थोडा थांबलो. सुरा उचलल्यावर देवदूताने थांबवले, तेव्हा स्पष्ट सांगितले की या गोष्टीतला देव शेवटी मुलाला हात लावू देत नाही, आणि कोणी मोठा माणूस देवाचे नाव घेऊन मुलाला दुखवू लागला तर ते चूक आहे, लगेच दुसऱ्या मोठ्या माणसाला सांगायचे. प्रश्न उघडा ठेवायचा म्हणजे मुलाला भीतीत सोडायचे, असा अर्थ मी घेत नाही. त्या वडिलांना २०१७ मध्ये द्यायचे उत्तर निदान इतके होते.

मग चौथा प्रश्न विचारला. एक मुलगा म्हणाला, गाढव काढले तरी चालेल. दुसरा म्हणाला, नाही, परत जायला लागेल. तिसरीने विचारले, ‘परत जाताना इसहाक होता का?’ मी म्हणालो, ‘पुस्तकात लिहिलेलं नाही.’ त्यावर दहा मिनिटे बोलणे चालले. इसहाकाचा प्रश्न काढावा असे कोणीही म्हणाले नाही. २०१७ मधली ती मुलगी आता पंधरा वर्षांची होती आणि दाराशी उभी राहून ऐकत होती. तिला मी काही विचारले नाही.

७. पारख कशी करावी?

एका वर्गावरून पद्धत सिद्ध होत नाही, हे अभियांत्रिकीच्या शिक्षकाला सांगावे लागू नये. वाळूच्या घमेल्यानेही कंटाळवाणा धडा देता येतो. मी पद्धतीची शिफारस करत नाही, पारखण्याची कसोटी सुचवतो. कोणतेही प्रवचन किंवा धडा ऐकताना मूळ उतारा जवळ ठेवा आणि हे तपासा:

पहिले, उताऱ्यातला कोणता भाग वाचला नाही, आणि त्यामुळे कोणाचा आवाज गेला?

दुसरे, उताऱ्यातली नावे आणि वस्तू प्रवचनाच्या शेवटपर्यंत टिकल्या, की त्यांच्या जागी भाववाचक नामे आली?

तिसरे, उतारा स्वतः जो प्रश्न विचारतो तो श्रोत्यापर्यंत पोहोचला का? उत्तर मिळाले की नाही, ही त्यापुढची गोष्ट.

शेवटी एक गोष्ट तुमच्यासाठी. मुलांच्या पुस्तकांत इसहाक पाच-सहा वर्षांचा दाखवतात. बायबल त्याचे वय सांगत नाही. होमाला पुरतील इतकी लाकडे घेऊन तो डोंगर चढतो. प्राचीन यहुदी इतिहासकार जोसेफस याने त्याचे वय २५ मानले, एका जुन्या यहुदी परंपरेने ३७. म्हणजे तो तुमच्या वयाचा, किंवा तुमच्यापेक्षा मोठाही असू शकतो. असा इसहाक डोळ्यांपुढे आणून उतारा पुन्हा वाचा. त्याच्या प्रश्नाचा सूर बदलतो. हातात काय आहे आणि काय नाही, हे त्याने पाहिले आहे. तरी तो चालतो आहे. वर्गात बसून तुम्ही जे प्रश्न मनात ठेवता आणि विचारत नाही, ते मला यानंतर अधिक दिसू लागले.

स्वाध्याय

१. तुमच्या परिसरातले कोणत्याही धर्मातले एक प्रवचन ऐका. ज्या कथेवर ते आधारले आहे ती मुळातून वाचा. काय गाळले गेले त्याची यादी करा आणि गाळण्यामागचे कारण काय असावे ते सांगा.

२. चिलया बाळाची कथा आणि ‘उत्पत्ती’ २२ यांची तुलना करा. आईची उपस्थिती आणि अनुपस्थिती यांमुळे कथेचा भार कुठे सरकतो?

३. लहानपणी तुम्हाला तात्पर्यासह सांगितलेली एक गोष्ट तात्पर्य काढून पुन्हा लिहा. आता ती कोणता प्रश्न विचारते?